ठसा नीट उमटतो, मग पेशी रेषेबाहेर का पसरतात?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे. काचेच्या कव्हरस्लिपवर पीडीएमएसच्या, म्हणजे मऊ सिलिकॉन रबराच्या, स्टॅम्पने फायब्रोनेक्टिनच्या (पेशी ज्याला धरून बसतात त्या प्रथिनाच्या) २० मायक्रॉन रुंदीच्या रेषा उमटवता आणि दोन रेषांमध्ये ८० मायक्रॉन जागा मोकळी सोडता. फायब्रोनेक्टिनला चमकणारा रंग जोडलेला असल्यामुळे मायक्रोस्कोपखाली रेषा स्वच्छ दिसतात. मग मोकळी जागा ब्लॉक करायला, म्हणजे तिथे पेशी बसू नयेत म्हणून, एक टक्का प्लुरॉनिक एफ१२७ मध्ये तासभर ठेवून त्यावर ३टी३ (उंदराच्या जोडऊतकातल्या) पेशी सोडता. दोन तासांनी पेशी रेषांवर अगदी शिस्तीत बसलेल्या असतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कव्हरस्लिपभर पसरलेल्या. तुम्हाला किमान ४८ तास हवे आहेत. विभागात थोडे पैसे आहेत, ते ३१ मार्चच्या आत खर्ची पडायला हवेत, म्हणून तुम्ही विचारलंय की आता स्टॅम्पिंग सोडून यूव्ही पॅटर्निंगची (अतिनील किरणांनी नक्षी काढायची) व्यवस्था घ्यावी, बारीक थेंब टाकणारा स्पॉटर घ्यावा, की सूक्ष्म टोकाने रेणू लिहिण्याच्या डिप-पेन पद्धतीकडे वळावं.

यंत्राचं जरा बाजूला ठेवू. तुमच्या रेषा उमटतायत. दोन तासांत पेशी त्यांच्यावर जाऊन बसतायत, म्हणजे प्रथिन तिथे आहे आणि पेशींना ते ओळखू येतंय. बिघडतंय ते मधल्या ८० मायक्रॉनमध्ये. रेष कुठल्याही यंत्राने काढलीत तरी मधली जागा तुम्हालाच रिकामी ठेवावी लागणार आहे. या कामात मला आता चौदा वर्षं झाली आणि ‘पॅटर्न होत नाही’ म्हणून माझ्याकडे आलेल्या कव्हरस्लिपांपैकी बहुतेकींवर पॅटर्न उत्तम झालेला असतो, फक्त मधली जागा उघडी राहिलेली असते. त्यामुळे खरा प्रश्न मी असा मांडेन: तुमची काच पेशींना नको म्हणायला का विसरते?

माझ्या मते उत्तर तुमच्या तपशिलातच आहे: काच आणि प्लुरॉनिक. या दोघांचं जमत नाही.

प्लुरॉनिकचा रेणू तीन तुकड्यांचा असतो. दोन्ही टोकांना पाण्यात खूश राहणारी पॉलिइथिलीन ऑक्साइडची शेपटी आणि मध्ये पाणी टाळणारा पॉलिप्रोपिलीन ऑक्साइडचा भाग. हा मधला भाग जलविरोधी पृष्ठभागावर चिकटतो आणि टोकाच्या शेपट्या पाण्यात उभ्या राहतात. त्या उभ्या शेपट्यांमुळे प्रथिनांना खाली उतरता येत नाही, प्रथिन नाही म्हणून पेशीला धरायला काही नाही. पण मधला भाग चिकटला तर पुढचं सगळं. स्वच्छ काच पाण्याची भुकेली असते, तिच्यावर त्या मधल्या भागाला धरायला जागाच नाही. रेणू येतात, टेकतात, धुताना निघून जातात. मग पहिले दोन तास पॅटर्न का दिसतो? कारण पेशी आधी जिथे फायब्रोनेक्टिन आहे तिथे भराभर बसतात, उरलेल्या तुम्ही धुऊन काढता. नंतर माध्यमातल्या सीरममधलं व्हिट्रोनेक्टिन आणि फायब्रोनेक्टिन उघड्या काचेवर हळूहळू बसत जातं आणि ३टी३ तर फायब्रोब्लास्ट, त्या स्वतःचं मॅट्रिक्सही (पेशींभोवतीचं प्रथिनांचं जाळं) गाळत राहतात. रात्रभरात काच पेशींसाठी तयार होते.

इथे एक ‘पण’ आहे. तुम्ही काच कशी साफ करता ते लिहिलेलं नाही. काचेवर जलविरोधी सिलेनचा थर आधीच दिला असेल, किंवा कव्हरस्लिपवर पीडीएमएसचा पातळ थर फिरवून घेतला असेल, तर माझं हे निदान लागू होणार नाही आणि खाली पेशींबद्दल आणि स्टॅम्पबद्दल लिहिलंय तिकडे आधी बघा. नुसती काच असेल किंवा प्लाझ्मा दिलेली (विद्युतभारित वायूने साफ केलेली) काच असेल, तर मला फारशी शंका नाही.

पृष्ठभाग कसा आहे ते कळायला यंत्र लागत नाही. कव्हरस्लिपवर पाण्याचा एक थेंब टाका आणि बाजूने, डोळ्याच्या पातळीवर धरून बघा. अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा गोल उभा राहिला तर प्लुरॉनिक चालेल. पसरून काचेशी एकजीव झाला तर चालणार नाही. नवीन बॅच उघडली की मी आजही हे आधी करते.

आता यातली खरी अडचण, जी माझ्या लक्षात यायला फार वेळ गेला. स्टॅम्पिंगला आणि ब्लॉकिंगला उलट गोष्टी हव्या असतात. प्रथिन स्टॅम्पवरून निघून काचेवर जायचं असेल तर काच स्टॅम्पपेक्षा जास्त ओली होणारी हवी. पीडीएमएस जलविरोधी, काच जलस्नेही, म्हणून तुमचं फायब्रोनेक्टिन इतकं छान उतरतं. प्लुरॉनिकला मात्र जलविरोधी पृष्ठभाग हवा. पीएचडीच्या काळात मी जवळजवळ तीन महिने या दोन टोकांमध्ये हेलपाटे घातले. काचेला प्लाझ्मा दिला की रेषा सुरेख, पण पेशी सगळीकडे. सिलेन दिलं की मधली जागा स्वच्छ, पण रेषाच तुटक. मला वाटत होतं माझा हात बसत नाहीये. हाताचा काही दोष नव्हता, मी एकाच पृष्ठभागाकडून दोन विरुद्ध गोष्टी मागत होते.

यातून बाहेर पडायच्या दोन वाटा आहेत.

पहिली वाट: काच तशीच ठेवा, ब्लॉक करणारा रेणू बदला. पीएलएल-जी-पेग नावाचा रेणू मिळतो. पॉलिलायसिनचा कणा आणि त्याला कुंच्याच्या केसांसारख्या जोडलेल्या पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या (पेगच्या) साखळ्या. लायसिनवर धन प्रभार, स्वच्छ काचेवर ऋण प्रभार, त्यामुळे कणा काचेला घट्ट धरतो आणि पेगचे केस वर उभे राहतात. म्हणजे जी काच स्टॅम्पिंगला आवडते तीच याला आवडते, भांडणच मिटतं. काचेला एक-दोन मिनिटं एअर प्लाझ्मा, लगेच स्टॅम्पिंग, मग ०.१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर पीएलएल-जी-पेग, १० मिलिमोलर हेपीस बफरमध्ये, पीएच ७.४. मी अर्धा तास ठेवते, मग पीबीएस या क्षारयुक्त बफरने धुते. तुमच्यासाठी मी हीच वाट सुचवेन.

दुसरी वाट: प्लुरॉनिक ठेवा, पृष्ठभाग बदला. कव्हरस्लिपवर पीडीएमएसचा पातळ थर स्पिन करून भाजून घ्यायचा, त्याला यूव्ही-ओझोन काही मिनिटंच द्यायचा, मग स्टॅम्प, मग प्लुरॉनिक. इथे पृष्ठभाग मधल्या अवस्थेत ठेवायचा असतो: प्रथिन उतरेल इतका जलस्नेही, प्लुरॉनिक बसेल इतका जलविरोधी. ओझोन जास्त झाला की पुन्हा काचेसारखीच गत. हे जमतं, अनेक प्रयोगशाळांत रोज होतं, पण प्रत्येक दिव्याची मिनिटं वेगळी असतात आणि ती आपल्या आपण शोधावी लागतात. कव्हरस्लिप मिळण्यात अडचण असेल तर जीवाणूंसाठीची साधी पेट्री डिश, म्हणजे टिश्यू कल्चरची प्रक्रिया न केलेलं पॉलिस्टायरिन, प्लुरॉनिकला चांगली मानवते. फक्त तिच्यातून उच्च वर्धनाच्या ऑब्जेक्टिव्हने बघता येत नाही.

बीएसएने (गाईच्या सीरममधल्या अल्ब्युमिनने) ब्लॉक करू का, असं पुढे कुणीतरी तुम्हाला सुचवेलच. इम्युनोस्टेनिंगला ते ठीक आहे. पेशी दिवसभर वाढवायच्या असतील तर ते पुरत नाही, त्या त्याच्यावर स्वतःचं मॅट्रिक्स घालून पुढे जातात.

माझ्या शब्दावर जाऊ नका, आधी तपासा. एकाच दिवशी, एकाच फ्लास्कमधल्या पेशी घेऊन तीन डिश लावा. पहिल्या डिशमध्ये स्टॅम्प न केलेली, फक्त ब्लॉक केलेली कव्हरस्लिप. दुसरीत पूर्ण फायब्रोनेक्टिन लावलेली, ब्लॉक न केलेली. तिसरीत तुमचा नेहमीचा पॅटर्न. २४ तासांनी बघा. पहिल्या डिशमध्ये पेशी पसरलेल्या दिसल्या तर ब्लॉकिंग कुचकामी आहे, तिसऱ्या डिशकडे बघायचीही गरज नाही. दुसरीत पेशी नीट पसरल्या नाहीत तर फायब्रोनेक्टिन किंवा पेशीच बिघडलेल्या आहेत. पहिली रिकामी, दुसरी भरलेली आणि तरी तिसरी बिघडलेली, असं झालं तरच स्टॅम्पवर संशय घ्या. मधली जागा रिकामी आहे की नाही हे सांगणारी एकमेव डिश म्हणजे पहिली, आणि माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ विद्यार्थ्यांनी नेमकी तीच लावलेली नसते.

याच जोडीला, मायक्रोस्कोपवरच्या त्या स्वच्छ रेषांकडे एकदा संशयाने बघा. बहुतेक कॅमेऱ्यांचं सॉफ्टवेअर ऑटो-कॉन्ट्रास्ट लावून चित्र दाखवतं. सर्वांत उजळ ते पांढरं, सर्वांत अंधूक ते काळं. मधल्या जागेत रेषेच्या एक दशांश फायब्रोनेक्टिन सांडलेलं असलं तरी पडद्यावर ती जागा काळीकुट्ट दिसेल, आणि एक दशांश पेशीला भरपूर होतं. मूळ प्रतिमा फिजी या प्रतिमा-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा, रेषांना आडवी छेद देणारी एक रेघ ओढा आणि तिचा प्लॉट प्रोफाइल, म्हणजे रेघेवरच्या उजळपणाचा आलेख, काढा. त्याच सेटिंगवर, त्याच एक्स्पोजरवर, प्रथिन न लावलेल्या कोऱ्या कव्हरस्लिपचा आकडाही घ्या. दोन रेषांमधली दरी कोऱ्या काचेच्या पातळीपर्यंत खाली जाते का? जात नसेल तर तिथे प्रथिन आहे, डोळ्यांना काहीही दिसो.

दरी भरलेली निघाली तर कारण बहुतेक स्टॅम्पमध्ये सापडेल. स्टॅम्पच्या उंचवट्यांमधल्या खोलगट भागाचं छत खाली बसतं आणि काचेला टेकतं. पीडीएमएस रबरासारखं मऊ आहे, ते लवणारच. छताची रुंदी खोलीच्या साधारण वीसपटीकडे गेली की ते हमखास टेकायला लागतं, त्याआधीही जोर दिला तर टेकतं. तुमची मोकळी जागा ८० मायक्रॉन आहे, म्हणजे खोली ४ मायक्रॉन असेल तर तुम्ही अगदी कड्यावर उभे आहात. १० ते १५ मायक्रॉन खोली घ्या, निर्धास्त व्हाल. उलट, बारीक उंचवटे फार उंच केले तर ते एकमेकांवर आडवे पडतात, पण २० मायक्रॉनच्या रेषांना ती भीती नाही. आणि वजन ठेवू नका. एक सेंटिमीटरच्या स्टॅम्पवर १००-२०० ग्रॅमचं वजन ठेवून दहा मिनिटं थांबणारे मी पाहिलेत. स्टॅम्प एका कडेने टेकवा, काचेशी संपर्क होताना एक सावली सरकत जाताना दिसते, ती पलीकडच्या कडेपर्यंत पोचली की झालं. चिमट्याने एकदा हलकेच टोकरा, एक ते पाच मिनिटं तसंच ठेवा, आणि सरळ वर उचला. तिरकं ओढलंत तर रेषेला शेपूट फुटतं.

स्टॅम्पच्या बाबतीत आणखी काही गोष्टी, ज्या लिखित प्रोटोकॉलमध्ये एका ओळीत उरकतात.

फायब्रोनेक्टिनचा थेंब स्टॅम्पवर ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरने अर्धा ते एक तास ठेवला की पुरतो. मग पाण्याने एकदा धुऊन सुकवायचा, आणि इथेच पावसाळ्यात फसगत होते. जुलैमध्ये पुण्यात किंवा मुंबईत हवा इतकी दमट असते की स्टॅम्प वाळला असं वाटतं आणि खोलगट भागात पाण्याचा पातळ पडदा राहिलेला असतो. तो काचेवर टेकला की प्रथिन वाहून मधल्या जागेत जातं. नायट्रोजनच्या सिलिंडरने वाळवा, प्रकाशाकडे तिरपा धरून खोलगट भागात चमक राहिली नाही ना ते बघा आणि मग मिनिटभराच्या आत छापा. फार वेळ वाळत ठेवलात तर प्रथिन स्टॅम्पलाच धरून बसतं. नायट्रोजन नाही म्हणून कॉम्प्रेसरची हवा वापरू नका, तिच्यात तेलाचा अंश येतो आणि तो तुमच्या काचेवर बसतो.

पीडीएमएस अर्धवट शिजलेलं असेल तर त्यातले न जोडले गेलेले सिलोक्सेनचे छोटे रेणू प्रत्येक छापासोबत काचेवर उतरतात. बेस आणि क्युरिंग एजंट १०:१ वजनाने, वजनकाट्यावर, अंदाजाने नाही, आणि ६० ते ६५ अंशांवर रात्रभर. आमच्याकडे एकदा रात्री वीज गेली, सकाळी आली, ओव्हन पुन्हा ६५ दाखवत होता, आणि त्या बॅचच्या स्टॅम्पनी दोन आठवडे खाल्ले. आता ओव्हनमध्ये एक जास्तीचा तुकडा ठेवते, सकाळी नखाने दाबून बघते, ठसा राहिला की सगळी बॅच परत आत. नवीन स्टॅम्प पहिल्यांदा वापरण्यापूर्वी ७० टक्के इथेनॉलमध्ये सोनिकेट (ध्वनिलहरींनी साफ) करून घ्या.

आणि स्टॅम्प व काच दोघांनाही प्लाझ्मा देऊ नका. थेंब स्टॅम्पवर पसरत नाही म्हणून पुष्कळ जण स्टॅम्पलाही प्लाझ्मा देतात. प्लाझ्मा दिलेलं पीडीएमएस आणि प्लाझ्मा दिलेली काच एकमेकांना टेकली की रासायनिक बंध तयार होतात, मायक्रोफ्लुइडिक चिप्स याच पद्धतीने कायमच्या चिकटवतात. तुमचा स्टॅम्प काचेवरून उचलताना फाटेल. थेंब पसरत नसेल तर वरून एक छोटी कव्हरस्लिप झाका, थेंब आपोआप सपाट होतो.

आता पेशींकडे येऊ, कारण ब्लॉकिंग सुधारलं तरी पेशी चुकीच्या सोडल्या तर ४८ तास टिकणार नाही. ब्लॉक केलेली कव्हरस्लिप पुन्हा कोरडी पडू देऊ नका, एक क्षणभरही नाही. धुताना सगळं द्रव काढून मग नवीन घालू नका, निम्मं काढा, निम्मं घाला. पाण्याची कड पृष्ठभागावरून सरकून गेली की फायब्रोनेक्टिनची घडीही मोडते. पेशी ट्रिप्सिन या विकराने तळापासून उठवल्यावर सीरमने ट्रिप्सिन थांबवा, सेंट्रिफ्यूज करा, आणि सोडताना सीरम नसलेल्या किंवा एक टक्का सीरमच्या माध्यमात सोडा. मी दर चौरस सेंटिमीटरला १०,००० ते १५,००० च्या वर जात नाही. अर्धा ते पाऊण तास, बस. मग डिश हलकेच फिरवून न चिकटलेल्या पेशी धुऊन टाका आणि नेहमीचं माध्यम घाला. जास्त पेशी म्हणजे जास्त डेटा, हा हिशेब इथे लागू नाही. गर्दी झाली की पेशी एकमेकींचा आधार घेऊन मोकळ्या जागेवरून पूल बांधतात, आणि तो पूल ब्लॉकिंगच्या अपयशासारखाच दिसतो. तुमची ८० मायक्रॉनची जागा एका ३टी३ ला सहज ओलांडण्यासारखी नाही, हे चांगलं आहे. कुणी २० मायक्रॉन जागा सोडली असती तर मी आधी तीच वाढवायला सांगितली असती.

इथवरचं एकत्र घ्यायचं तर: थेंबाची चाचणी, पीएलएल-जी-पेग, तीन डिश, प्लॉट प्रोफाइल, कमी पेशी आणि लवकर धुणं. माझ्या अंदाजाने यातल्या पहिल्या दोनांवरच तुमचे ४८ तास मिळतील. आठवडाभर हवे असते तर मी वेगळं सांगितलं असतं. इतके दिवस फायब्रोब्लास्ट आणि सीरम सोबत असतील तर काचेवर प्रभाराने धरलेला पेगही हळूहळू हरतो, मग पेग रासायनिक बंधाने जोडावा लागतो किंवा काचेऐवजी पॉलिअॅक्रिलामाइडच्या जेलवर छापावं लागतं, कारण त्या जेलवर प्रथिनं मुळातच बसत नाहीत.

मधल्या जागेवर मी एवढा जोर का देते, ते सांगते. पेशी ‘बेटांवर’, म्हणजे चिकटता येईल अशा छोट्या तुकड्यांवर, बसवायची कल्पना जुनी आहे, १९६७ साली कार्टर यांनी सेल्युलोज असिटेटवर पॅलॅडियमची बेटं करून त्यांवर एकेक पेशी बसवली होती. हार्वर्डमध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स आणि अमित कुमार यांनी १९९३ मध्ये पीडीएमएसच्या स्टॅम्पने सोन्यावर थायॉलचे ठसे उमटवले आणि पुढच्याच वर्षी त्याच गटाने डोनाल्ड इंगबर यांच्यासोबत पेशींना बेटांवर बसवून दाखवलं. पण माझ्या मते या क्षेत्रातला सर्वांत देखणा प्रयोग १९९७ चा, ख्रिस्तोफर चेन आणि सहकाऱ्यांचा. रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी लहान बेटावर बसवल्या की मरत होत्या, मोठ्या बेटावर जगत होत्या. आता हे कशामुळे, पेशी पसरली म्हणून, की तिला मॅट्रिक्स जास्त मिळालं म्हणून? त्यांनी एक मोठं बेट काढून टाकलं आणि त्याच्या जागी काही मायक्रॉनचे बारीक ठिपके पसरून छापले, मध्ये मोकळी जागा सोडून. पेशी ठिपक्यांवर पाय ठेवत मोठ्या बेटाइतकीच पसरली, पण प्रथिनाला स्पर्श झाला तो लहान बेटाइतकाच. आणि ती जगली. म्हणजे आकार महत्त्वाचा, स्पर्शाचं एकूण क्षेत्र नाही. हा निष्कर्ष संपूर्णपणे त्या ठिपक्यांमधल्या काही मायक्रॉन मोकळ्या जागेवर उभा आहे. तिथे थोडं जरी प्रथिन सांडलं असतं तर प्रयोगाला काही अर्थ उरला नसता. पुढे २००४ मध्ये चेन यांच्याच गटाने मानवी मेसेनकायमल स्टेम पेशी १,०२४ चौरस मायक्रॉनच्या बेटावर चरबीच्या पेशीकडे आणि १०,००० च्या बेटावर हाडाच्या पेशीकडे झुकतात हे दाखवलं. तुमचा प्रयोगही रेषेच्या रुंदीचा पेशीवर परिणाम बघायचा आहे. तेव्हा तुमच्याही निकालाचा पाया तीच जागा आहे.

आता पैशांचं आणि दुसऱ्या पद्धतींचं.

डिप-पेनचा विचार सोडा. १९९९ मध्ये चॅड मर्किन यांच्या गटाने एएफएमच्या (अणुबल सूक्ष्मदर्शकाच्या) टोकाने शाई लावल्यासारखे रेणू लिहून दाखवले, ३० नॅनोमीटरच्या रेषा. ज्यांना इंटिग्रिनच्या, म्हणजे पेशी ज्यांनी मॅट्रिक्सला धरते त्या प्रथिनांच्या, पातळीवर, एकेका रेणूच्या अंतरावर काम करायचं आहे त्यांच्यासाठी ते आहे. २० मायक्रॉनची रेष, सेंटिमीटरभर, शेकडो प्रती, यासाठी नाही.

स्पॉटर म्हणजे पिकोलिटरच्या मापाचे थेंब टाकणारं यंत्र. शंभर वेगवेगळ्या अँटिबॉडी एकाच काचेवर मांडायच्या असतील तर त्याला तोड नाही. पण थेंबाचे ठिपके साधारण ५० ते २०० मायक्रॉनचे होतात, कडा थेंब वाळण्यावर अवलंबून, आणि वाळताना प्रथिन कडेला जमून कॉफीच्या डागासारखं कडं तयार होतं. रेषांसाठी नको.

मायक्रोफ्लुइडिक चॅनेल काचेवर दाबून त्यातून प्रथिनाचं द्रावण वाहवणं, ही पद्धत मला मनापासून आवडते आणि ती उगाच मागे पडते. प्रथिन कधीच वाळत नाही, शेजारशेजारच्या रेषांमध्ये वेगवेगळी प्रथिनं घालता येतात. मर्यादा एकच, पॅटर्न सलग हवा, सुटी बेटं करता येत नाहीत. तुम्हाला पुढे फायब्रोनेक्टिनच्या शेजारी लॅमिनिन या दुसऱ्या प्रथिनाची रेष हवी झाली तर हे करा, यंत्र काहीच लागत नाही. स्टेन्सिल म्हणजे भोकं पाडलेला पातळ पडदा काचेवर ठेवून त्यातून पेशी सोडायच्या आणि मग पडदा उचलायचा. घाव भरण्यासारख्या प्रयोगांना उत्तम, कारण तिथे पेशींनी नंतर पसरावं हेच आपल्याला हवं असतं.

उरलं यूव्ही. १८५ नॅनोमीटरचा किरण क्वार्ट्झच्या क्रोम मास्कमधून (क्वार्ट्झच्या काचेवर क्रोमने नक्षी केलेल्या पडद्यामधून) पीएलएल-जी-पेगच्या थरावर काही मिनिटं पाडायचा, जिथे प्रकाश पडतो तिथला पेग जळतो, मग तिथे प्रथिन बसवायचं. स्टॅम्प नाही, वाळवणं नाही, छत खाली बसणं नाही, कडा मायक्रॉन-दोन मायक्रॉनपर्यंत धारदार आणि प्रत्येक कव्हरस्लिप दुसरीसारखी. रोज वीस-तीस कव्हरस्लिप करायच्या असतील, विभागात तीन-चार जणांना हे वापरायचं असेल, तर हे घेण्यासारखं आहे आणि मी स्वतः आता बहुतेक काम यावरच करते. पण साध्या काचेचा मास्क चालत नाही, तो किरण अडवतो. दिवा १८५ सोडणाराच हवा, हूडमधला २५४ चा निर्जंतुक करणारा दिवा उपयोगाचा नाही. आणि तो ओझोन तयार करतो, त्याची वाट खोलीबाहेर काढावी लागते. लक्षात घ्या, इथे पहिलीच पायरी पीएलएल-जी-पेगची आहे. ज्या दिवशी तुमची पहिली डिश रिकामी राहायला लागेल त्या दिवशी या पद्धतीचा अर्धा भाग तुम्हाला येत असेल.

म्हणून पैसे या क्रमाने खर्च करा. आधी पीएलएल-जी-पेग १० मिलिग्रॅम. पॅराफिल्मवर ५० मायक्रोलिटरचा थेंब टाकून त्यावर कव्हरस्लिप पालथी ठेवली तर एका कव्हरस्लिपला ५ मायक्रोग्रॅम लागतात, म्हणजे १० मिलिग्रॅममध्ये २,००० कव्हरस्लिप होतील. छोटे भाग करून उणे २० अंशांवर ठेवा. नंतर एक चांगला मास्टर वेफर, म्हणजे ज्यावर पीडीएमएस ओतून स्टॅम्प घडवतात तो मूळ साचा. तुमचा सध्याचा साचा कशावरून केलाय ते लिहिलं नाही, पण छपाईवाल्याकडच्या फिल्मवरून केला असेल तर हिशेब करा: ५०८० डीपीआयवर एक ठिपका ५ मायक्रॉनचा, म्हणजे तुमची २० मायक्रॉनची रेष चार ठिपक्यांची. तिच्या कडा करवतीसारख्या येणार. ५० मायक्रॉनच्या वर फिल्म छान चालते, खाली नाही. क्रोम मास्क करून घ्या आणि एसयू-८ चा (प्रकाशाने घट्ट होणाऱ्या पॉलिमरचा) साचा १२ मायक्रॉन जाडीचा बनवून घ्या. तुमच्याकडे क्लीन रूम नसेल तर आयआयटी मुंबई आणि बंगळूरच्या आयआयएससीमधल्या नॅनोफॅब्रिकेशन सुविधा बाहेरच्या संशोधकांना वापरता येतात, त्यासाठीच्या आयएनयूपी या सरकारी कार्यक्रमाखाली अर्ज करता येतो. एक चांगला वेफर जपलात तर वर्षानुवर्षं पुरतो, त्याच्यावर पीडीएमएस शेकडो वेळा ओतता येतं. मास्क करतानाच एकाच वेफरवर १०, २०, ४० आणि ८० मायक्रॉनच्या रेषा घ्या, आणि कोपऱ्यात एक सपाट चौकोन सोडा. तो सपाट चौकोन छापून आणि न छापून तुमच्या तीन डिशमधल्या पहिल्या दोन डिशसारखी तुलना एकाच कव्हरस्लिपवर करता येते.

एवढं करूनही मार्चमध्ये पैसे उरले आणि विभागातल्या आणखी दोघांना पॅटर्निंग हवं असेल, तर यूव्हीचा दिवा आणि क्वार्ट्झ मास्क मागवा.

या आठवड्यात मात्र फक्त पहिली डिश लावा. एक काच प्लुरॉनिकने, एक पीएलएल-जी-पेगने, दोन्हींवर स्टॅम्प नाही, सारख्याच पेशी, २४ तास. दोन्हींचे १०x चे फोटो आणि तुमच्या जुन्या रेषांचा प्लॉट प्रोफाइल मला दाखवा. काच कशी साफ करता आणि स्टॅम्पची खोली किती आहे, तेही त्यासोबत लिहा.